आतड्याची भिंत आणि परळची प्रयोगशाळा

पावसाळ्याचे पहिले चार दिवस उलटले की आपल्या वसई-विरार पट्ट्यात घरोघरी एक सूचना हमखास ऐकू येते, "पाणी उकळून प्या रे!" विहिरींना नवे पाणी येते, बावखले काठोकाठ भरतात, सखल वस्त्यांत गटाराचे पाणी नळाच्या वाटेला जाते आणि पोटाच्या तक्रारींना ऊत येतो. दवाखान्यांच्या बाकांवर कडेवर मूल घेतलेल्या आयाबहिणींची रांग लागते. डॉक्टर बाळाला तपासतात, पोटावरची कातडी चिमटीत धरून पाहतात आणि औषधाबरोबर एक पुडी हातात ठेवतात. लिटरभर स्वच्छ पाण्यात ती विरघळवायची आणि घोटघोट पाजत राहायचे. पुडीत असते काय? साखर, मीठ आणि आणखी एकदोन क्षार. पुष्कळ आयांच्या मनात येते, एवढ्याने काय होणार? एखादे इंजेक्शन दिले असते तर बरे झाले असते!

ह्या 'एवढ्याने' काय होते, आणि ते कळण्यास जगाला एवढा काळ का लागला, त्याची हकीकत आज आपणांस सांगावयाची आहे. ही हकीकत परदेशातच घडली असे समजू नका. तिचा एक महत्त्वाचा अध्याय आपल्या विरार लोकलने तासा-दीड तासावर असलेल्या परळ येथे घडला, आणि तो घडविणाऱ्यांत हब्बू, पानसे, कुलकर्णी अशी आपल्या कानांस परिचित नावे आहेत.

मोडशी, हैजा आणि कॉलरा

आपल्याकडील म्हातारी माणसे उलट्या-जुलाबाच्या विकारास 'मोडशी' म्हणत. ह्या शब्दाचा प्रवास मोठा गमतीचा आहे. ज्या १५३४ साली गुजरातचा सुलतान बहादूरशहा याने वसई पोर्तुगीजांच्या हवाली केली, त्याच साली गार्सिया द ओर्ता नावाचा एक पोर्तुगीज वैद्य गोव्यास उतरला. पुढे मुंबईचे बेटही त्याच्याकडे खंडाने होते. त्याने हिंदुस्थानातील औषधी द्रव्यांवर एक संवादरूप ग्रंथ लिहिला व तो १५६३ साली गोव्यात छापला गेला. त्यात ह्या रोगाचे वर्णन आहे. इथले लोक ह्यास 'मोर्शी' म्हणतात, असे सांगून तो अरबांचे नावही देतो. ते म्हणजे आपल्या घरांत आजही बोलला जाणारा 'हैजा' हा शब्द. आपली मोडशी पोर्तुगीजांच्या तोंडी 'मोर्देशी' झाली आणि फ्रेंचांनी तर तिचे 'मोर्द शियँ', म्हणजे 'कुत्र्याचे मरण', असे करून टाकले! शब्द बिघडला खरा, परंतु रोगाची दहशत त्यात नेमकी उतरली.

१८१७ साली बंगालमध्ये कॉलऱ्याची मोठी साथ उसळली. पुढच्याच वर्षी ती मुंबईस पोहोचली आणि तेथून जहाजांबरोबर अरबस्तान, इराण व युरोपपर्यंत गेली. १८६५ साली हज यात्रेच्या काळात मक्केत फार मोठी प्राणहानी झाली, तेव्हा जगभरची सरकारे जागी झाली व पुढील वर्षी कॉन्स्टँटिनोपल येथे ह्या रोगावर आंतरराष्ट्रीय परिषद भरली. पुढे सिनाईच्या किनाऱ्यावरील एल टोर येथील हाजींच्या विलगीकरण ठाण्यात १९०५ साली कॉलऱ्याच्या जंतूचा एक वेगळा प्रकार सापडला. त्याला त्या गावाचेच नाव मिळाले. १९६१ साली इंडोनेशियातून निघालेली जगातील सातवी महासाथ ह्याच एल टोर जंतूची होय. तात्पर्य, हा रोग आपल्या किनाऱ्याचा, आपल्या बंदरांचा व आपल्या यात्रेकरूंचा जुना वैरी आहे.

पोटातील भिंत

पुढील गोष्ट समजण्यासाठी आतड्याची रचना थोडी पाहू. मुलांनो, एक नळी डोळ्यांसमोर आणा. तिचे एक टोक तोंड आणि दुसरे गुदद्वार. ह्या नळीच्या आत जे असते ते खरे म्हणजे अजून शरीराच्या बाहेरच असते. अन्न खाल्ले म्हणजे ते शरीरात आले असे नव्हे. आतड्याची भिंत ओलांडून रक्तात गेले म्हणजे ते शरीरात आले.

ही भिंत किती जाड असेल? तिचे सर्वांत आतले अस्तर पेशींच्या केवळ एका थराचे आहे. आपल्या कातडीला थरावर थर आहेत, पण इथे एकच. जाड भिंत असती तर अन्नरस आत शिरला नसता, आणि भिंतच नसती तर आतड्यात वस्ती करून असलेले असंख्य जंतू रक्तात घुसले असते. म्हणून निसर्गाने पातळ भिंत बांधली आणि तिच्या रक्षणाची तजवीज नाना प्रकारे केली. पेशींवर चिकट श्लेष्म्याचा लेप दिला. दोन पेशींमधील फटी घट्ट सांध्यांनी बुजविल्या. पेशींच्या मागे रोगप्रतिकारक पहारेकरी बसविले व त्यांनी तयार केलेली संरक्षक द्रव्ये आतड्याच्या पोकळीत सोडण्याची सोय केली. शिवाय हे अस्तर चारपाच दिवसांत जुने टाकून नवे होते. घराला दर आठवड्यास नवा गिलावा करणारा मालक आपण कुठे पाहिला आहे काय?

ह्या भिंतीतून रोज सुमारे नऊ लिटर पाण्याची ये-जा होते. दोन लिटर आपण पितो-खातो आणि उरलेले सात लिटर लाळ, जठररस, पित्त इत्यादी रूपांनी शरीरच आतड्यात सोडते. त्यातील जवळजवळ सर्व पाणी परत शोषले जाते; शौचावाटे जेमतेम शेदोनशे मिलिलिटर जाते. हा हिशेब बिघडला तर काय होते, ते कॉलऱ्यात दिसते. तीव्र रोग्याच्या शरीरातून ताशी लिटरभर पाणी भाताच्या पेजेसारखे वाहून जाते. सकाळी चालताबोलता असलेला माणूस संध्याकाळी डोळे खोल जाऊन, हातापायांत गोळे येऊन गतप्राण होतो.

प्रश्न असा की, एवढे पाणी बाहेर येते कसे? भिंत कोसळते काय?

परळचा वाडा

परळच्या ज्या इमारतीत पुढे ह्या प्रश्नाचा शोध लागायचा होता, तिचा इतिहास ऐकण्यासारखा आहे. पोर्तुगीजांच्या अमदानीत मुंबईचा कारभार वसईच्या हाताखाली चाले. त्या काळी परळ येथे पाद्र्यांचा एक मठ होता. पुढे इंग्रजांनी तो ताब्यात घेतला व त्याचा गव्हर्नरसाहेबांचा वाडा केला. तेथे मेजवान्या झडत, दरबार भरत. परंतु १८८२ साली गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांच्या पत्नी त्याच वाड्यात कॉलऱ्याने मरण पावल्या. गव्हर्नरांचे बिऱ्हाड मलबार हिलवर गेले आणि परळचा वाडा ओस पडला. कॉलरा गरिबाची झोपडी आणि लाटसाहेबाचा महाल यांत भेद करीत नाही, ह्याचा हा दाखला होय.

त्या वाड्यास पुन्हा जाग आणली वाल्डेमार हाफकिन यांनी. रशियन साम्राज्यातील ओडेसा येथे १८६० साली एका ज्यू कुटुंबात जन्मलेले हे शास्त्रज्ञ पॅरिसच्या पाश्चर संस्थेत काम करीत होते. तेथे त्यांनी कॉलऱ्याची लस तयार केली व १८९२ च्या जुलैत ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. १८९३ साली ते कलकत्त्यास आले आणि तेथील वस्त्यांतून लस टोचीत हिंडले. १८९६ साली मुंबईत प्लेग सुरू झाला तेव्हा सरकारने त्यांस इकडे बोलाविले. ग्रँट मेडिकल कॉलेजातील लहानशा जागेत त्यांनी प्लेगची लस बनविली, आणि १० जानेवारी १८९७ रोजी तीही आधी स्वतःवर आजमावली.

लोकांच्या मनात लसीविषयी नाना शंका होत्या. अशा वेळी विशीतील तरुण आगाखान, म्हणजे सुलतान मुहम्मदशाह तिसरे आगाखान, हाफकिन यांच्या पाठीशी उभे राहिले. त्यांनी प्रयोगशाळेसाठी आपला खुश्रू लॉज बंगला दिला आणि लोकांदेखत स्वतः लस टोचून घेतली. ते पाहून त्यांच्या जमातीतील हजारो लोक पुढे आले. पुढाऱ्याने नुसता उपदेश न करता आपला दंड पुढे करावा, हे त्या तरुणाने दाखविले. १८९९ च्या ऑगस्टमध्ये प्रयोगशाळा परळच्या रिकाम्या वाड्यात आली. १९२५ साली तिला 'हाफकिन इन्स्टिट्यूट' हे नाव मिळाले.

परंतु हाफकिन यांच्या कॉलऱ्याच्या लसीस एक मर्यादा होती. ती कातडीखाली टोचली जाई, म्हणून रक्तात प्रतिकारशक्ती येई. लढाई मात्र आतड्याच्या पोकळीत, भिंतीच्या पलीकडे चाललेली असे. टोचलेल्या लसीचे संरक्षण अपुरे व थोड्याच महिन्यांचे ठरले. पूर्वी हजला जाताना कॉलऱ्याची सुई घ्यावी लागे, हे वडीलधाऱ्यांच्या तोंडून आपण ऐकले असेल. आंतरराष्ट्रीय नियमांतून त्या दाखल्याची सक्ती १९७३ साली उठली. शत्रू भिंतीपाशी नेमके काय करतो हे कळल्यावाचून भिंतीचे रक्षण होणार तरी कसे?

चुकीच्या जागी शोध

कॉलऱ्याचा जंतू १८८४ साली जर्मन शास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख यांनी कलकत्त्यात शोधून काढला. त्याच्याही आधी, १८५४ साली, इटलीच्या पाचिनी यांनी तो सूक्ष्मदर्शकातून पाहिला होता. हा जंतू काही विष निर्माण करीत असावा, असा कॉख यांचा तर्क होता. तर्क बरोबर होता. पण पुरावा मिळण्यास पंचाहत्तर वर्षे लागली.

असे का झाले? मोठ्या जनावरांना कॉलरा होत नाही. म्हणून संशोधक जंतू किंवा त्यांचा अर्क ससे, गिनीपिग यांच्या रक्तात वा पोटाच्या पोकळीत टोचीत. जनावर मरे, पण त्यास पेजेसारखे जुलाब काही होत नसत. ज्या आतड्यात रोग घडतो ते आतडे सोडून बाकी सर्व ठिकाणी शोध चालला होता. हरवलेली किल्ली माजघरात आणि शोध अंगणात, अशातला प्रकार!

दुसरीकडे, कॉलऱ्यात आतड्याचे अस्तर सोलून निघते व भिंतीला जणू भगदाडे पडून पाणी गळते, असा समज रूढ झाला. शवविच्छेदनात अस्तर सुटलेले दिसे. परंतु ते मरणानंतर सुटले की आधी, याचा विचार थोड्यांनीच केला. भिंतच पडली असेल तर तोंडावाटे पाणी पाजून उपयोग काय? म्हणून रोग्यास पाणीही द्यायला लोक कचरत. विसाव्या शतकाच्या आरंभी कलकत्त्यात लिओनार्ड रॉजर्स यांनी शिरेतून मिठाचे पाणी देण्याची पद्धत सुरू केली व पुष्कळ प्राण वाचविले. पण शिरेतून द्यायचे म्हणजे सुई, बाटली, निर्जंतुक पाणी आणि जाणता माणूस हवा. खेड्यात हे सर्व कोठून आणणार?

परळ येथे सशाची पिले

स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दशकात हाफकिन संस्थेच्या औषधशास्त्र विभागात डॉ. एन. के. दत्ता व त्यांचे सहकारी कॉलऱ्यावरील औषधे पारखण्याच्या खटपटीत होते. औषध पारखायचे तर आधी प्रयोगशाळेत रोग निर्माण करता आला पाहिजे. दत्ता आणि एम. के. हब्बू यांनी मोठे ससे बाजूस ठेवले व आईच्या दुधावर असलेली पिले घेतली. जंतू त्यांनी रक्तात न टोचता थेट आतड्यात सोडले. पिलांस माणसासारखेच पाण्यासारखे जुलाब झाले व ती सुकून गेली. १९५५ साली हे काम एका ब्रिटिश नियतकालिकात प्रसिद्ध झाले. कॉलऱ्याचा अभ्यास करण्यासाठी जगाला एक भरवशाचे साधन मिळाले.

मग पुढचा प्रश्न विचारता आला. पिलू मरते ते जिवंत जंतूंमुळे की त्यांच्या विषामुळे? दत्ता, एम. व्ही. पानसे व डी. आर. कुलकर्णी यांनी जिवंत जंतू वगळून, त्यांच्यापासून काढलेला अर्क पिलांच्या पोटात दिला. रोग तसाच झाला! विष आहे आणि ते आतड्यातूनच काम करते, असे सांगणारा त्यांचा छोटासा निबंध १९५९ साली अमेरिकेच्या जंतुशास्त्रविषयक नियतकालिकात आला. त्यांनी वापरलेला ५६९-बी हा जंतूंचा वाण भरपूर विष तयार करणारा असल्याने पुढे जगभरच्या प्रयोगशाळांत गेला. अमेरिकन संशोधक फिंकेलस्टाइन यांनी १९६४ साली दत्ता यांच्याबरोबर लिहिलेला निबंधही ह्याच पिलांवरील प्रयोगांचा आहे. त्याच फिंकेलस्टाइन यांनी सहकाऱ्यासह १९६९ साली ते विष शुद्ध स्वरूपात वेगळे केले.

हुगळीचा विद्यार्थी

योगायोग असा की, त्याच १९५९ साली, परळच्या निबंधाच्या काही महिने आधी, तोच सिद्धांत दुसऱ्या एका भारतीयाने स्वतंत्रपणे सिद्ध केला होता. त्यांचे नाव शंभुनाथ दे. त्यांची कथा आपल्या स्मरणिकेत सांगण्यास आणखी एक कारण आहे.

शंभुनाथांचा जन्म १ फेब्रुवारी १९१५ रोजी बंगालमधील हुगळी जिल्ह्यात गरिबाटी ह्या खेड्यात झाला. घरची परिस्थिती बेताची. मॅट्रिकला चांगले गुण पडले म्हणून जिल्ह्याची शिष्यवृत्ती मिळाली आणि त्यांना हुगळीच्या कॉलेजात प्रवेश घेता आला. हे कॉलेज कोणाच्या दानातून उभे राहिले? हाजी मुहम्मद मोहसीन यांच्या! ह्या अविवाहित, निरिच्छ गृहस्थाने १८०६ साली आपली सर्व मालमत्ता वक्फ करून टाकली. १८१२ साली ते वारले. त्यांच्या निधीतून १८३६ साली कॉलेज निघाले व त्याची दारे सर्व धर्मांच्या मुलांना उघडी राहिली. मोहसीन यांच्या निधनानंतर शंभराहून अधिक वर्षांनी एक गरीब हिंदू मुलगा त्या दारातून आत गेला आणि पुढे त्याने कॉलऱ्याचे कोडे सोडविले. त्याच्या शोधाचा लाभ कोणत्या धर्माच्या बाळास झाला नाही?

शंभुनाथ १९३९ साली कलकत्ता मेडिकल कॉलेजातून डॉक्टर झाले. लंडनला सर रॉय कॅमेरॉन यांच्या हाताखाली शिकून १९४९ साली त्यांनी पीएच.डी. मिळविली व ते परत आले. विकृतिशास्त्राचा हा अध्यापक नोकरीचे काम संभाळून, साध्या साधनांनी प्रयोग करी. त्यांनी सशाचे पोट उघडून लहान आतड्याचा चारेक इंचाचा भाग दोन्ही टोकांना दोऱ्याने बांधला, त्यात कॉलऱ्याचे जंतू सोडले आणि पोट शिवून टाकले. दुसऱ्या दिवशी पाहिले तो बांधलेला तेवढाच भाग पाण्याने तट्ट फुगलेला! १९५३ साली डी. एन. चटर्जी यांच्यासह त्यांनी हे प्रसिद्ध केले. नंतर त्यांनी जंतू वाढविलेला द्रव इतका बारीक गाळला की त्यात एकही जंतू उरू नये. तो गाळीव द्रव सोडला तरी आतडे फुगले. ३० मे १९५९ च्या 'नेचर' साप्ताहिकात जेमतेम दोन पानांचा निबंध आला आणि कॉख यांच्या तर्कास अखेर पुरावा मिळाला.

किमती यंत्र नाही, मोठे अनुदान नाही. दोरा, सुई, ससा आणि योग्य जागी विचारलेला योग्य प्रश्न, एवढ्यावर हे काम झाले. देशात मात्र त्यांच्या हयातीत त्यांचा म्हणावा तसा गौरव झाला नाही. १९७३ साली ते निवृत्त झाले आणि त्यानंतरही कलकत्त्यातच संशोधन करीत राहिले. १९७८ साली स्टॉकहोमच्या नोबेल परिसंवादास त्यांना सन्मानाने बोलावणे आले. नोबेल विजेते जोशुआ लेडरबर्ग यांनी नोबेल पारितोषिकासाठी त्यांचे नाव एकाहून अधिक वेळा सुचविले होते. ते मिळाले नाही. १५ एप्रिल १९८५ रोजी शंभुनाथ निवर्तले.

भिंत शाबूत होती

विष सापडले, पण ते भिंतीचे करते काय? १९५८-५९ च्या सुमारास बँकॉकमध्ये कॉलऱ्याची साथ होती. तेथे गँगारोसा व त्यांच्या सहकाऱ्यांनी जिवंत रोग्यांच्या आतड्याच्या अस्तराचे बारीक तुकडे एका गिळण्याच्या नळीच्या साहाय्याने काढून तपासले. १९६० साली त्यांनी जाहीर केले की अस्तर शाबूत आहे, ते सोललेले नाही! मेलेल्या रोग्याच्या आतड्यात दिसे ते मरणोत्तर कुजणे होते.

मग पाणी येते कोठून? पुढील दशकांत उलगडा झाला. कॉलऱ्याचे विष अस्तराच्या पेशीस बिलगते आणि त्याचा एक तुकडा पेशीत शिरून तिची आतली कळ दाबून ठेवतो. त्यामुळे पेशी क्षार बाहेर ओतू लागते आणि क्षारामागे पाणी धावते. वाचकहो, भिंत पाडण्यात आली नव्हती. नळ उघडा ठेवून त्याची चावी पळविण्यात आली होती. पेशी जिवंत होती, फक्त फसविली गेली होती.

आणि येथेच आशेची वाट सापडली. भिंत शाबूत असेल तर तिची इतर दारेही शाबूत असणार. १९६० सालीच अमेरिकन शास्त्रज्ञ रॉबर्ट क्रेन यांनी दाखविले की आतड्याच्या पेशीत साखर आणि मिठातील सोडियम एकाच दारातून जोडीने आत जातात. हे दार कॉलऱ्याचे विष बंद करीत नाही. नुसते पाणी पाजले तर वाहून जाईल, नुसत्या मिठाचे पाणी दिले तरी पुरेसे शोषले जाणार नाही. पण साखर व मीठ योग्य प्रमाणात मिसळले की ती जोडी आत शिरते आणि आपल्यामागून पाणी ओढून नेते. १९६८ साली ढाक्याच्या कॉलरा प्रयोगशाळेत नॅलिन व कॅश यांनी रोग्यांवर हे सिद्ध करून दाखविले.

खरी कसोटी १९७१ साली लागली. बांगलादेशच्या युद्धात लाखो निर्वासित पश्चिम बंगालमध्ये आले. बनगाव येथील छावणीच्या रुग्णालयात रोगी जमिनीवर पडलेले आणि सलाईनच्या बाटल्या संपत आलेल्या. डॉ. दिलीप महालनबीस यांनी साखर, मीठ व खाण्याचा सोडा यांचे द्रावण पिंपांतून भरून ठेवले आणि ते पाजण्याचे काम रोग्यांच्या नातेवाइकांवर सोपविले. जेथे मृत्यूचे प्रमाण तीस टक्क्यांच्या आसपास होते, ते त्यांच्या देखरेखीखालील रोग्यांत चार टक्क्यांच्या खाली आले. पदवीधर डॉक्टरांच्या हातातील उपचार त्या दिवशी आईच्या हातात आला. डॉ. महालनबीस २०२२ साली वारले; पुढील वर्षी त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळाले.

भिंतीच्या अभ्यासाची कथा तेथे संपली नाही. १९९१ साली इटलीत जन्मलेल्या आलेसिओ फसानो यांनी अमेरिकेत काम करताना कॉलऱ्याच्या जंतूचे आणखी एक विष शोधले. ते दोन पेशींमधील घट्ट सांधे सैल करते. त्यावरून ते आपल्याच शरीरातील, असे सांधे सैल करणाऱ्या द्रव्याच्या शोधास लागले. त्या द्रव्याचा आणि निरनिराळ्या रोगांचा संबंध किती, यावर शास्त्रज्ञांत अजून वाद आहे. दुसरीकडे, भिंतीवरील पहारेकऱ्यांना जागे करायचे तर लस तोंडावाटेच द्यावी, हा विचार रुजला. हैदराबादच्या एका कंपनीने तयार केलेल्या तोंडावाटे घ्यायच्या लसीस २००९ साली भारतात परवाना व २०११ साली जागतिक आरोग्य संघटनेची मान्यता मिळाली. हाफकिन यांचे अपुरे स्वप्न असे योग्य वाटेने पुढे गेले.

आपण काय शिकावे?

पालक बंधुभगिनींनो, पहिली गोष्ट व्यवहाराची. मुलाला जुलाब सुरू होताच जलसंजीवनी पाजावी, तहान लागण्याची वाट पाहू नये. दुकानातील पुडी वापरणे उत्तम. ती ज्या मापासाठी असेल तेवढेच पाणी घ्यावे. अर्धी पुडी पेल्यात टाकून अंदाजाने करू नये. पुडी नसेल तर उकळून गार केलेल्या एक लिटर पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर व अर्धा सपाट चमचा मीठ घालावे. मीठ जास्त झाले तर अपाय होतो. अंगावरचे दूध तोडू नये, उपाशी ठेवू नये. डॉक्टर जस्ताच्या गोळ्या देतील, त्या जुलाब थांबले तरी सांगितलेले सर्व दिवस द्याव्यात. मूल मलूल झाले, काहीच पोटात ठरेना, लघवी बंद झाली किंवा शौचात रक्त दिसले तर क्षणभरही न थांबता रुग्णालय गाठावे.

दुसरी गोष्ट शिक्षणाची. हाजी मोहसीन यांना कॉलरा म्हणजे काय ते ठाऊक असेल, पण जंतू हा शब्दही त्यांच्या कानी गेला नसेल. त्यांनी फक्त शिक्षणासाठी दान केले. ते कोणत्या मुलाच्या हातून, किती वर्षांनी, कोणत्या रूपाने फळास येईल ह्याचा हिशेब त्यांनी मागितला नाही. एखाद्या मुलीची फी, एखाद्या मुलाची पुस्तके यांसाठी आपण जे देतो ते ह्याच खात्यात जमा होते.

आणि विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यासाठी एवढेच. परळचा तो वाडा आजही उभा आहे. कधी प्रभादेवी किंवा परळ स्थानकावर उतरलात तर आठवण करा की इथे काही माणसांनी सशाच्या पिलांकडे बारकाईने पाहिले आणि जगाने पाऊण शतक चुकीच्या जागी चालविलेला शोध योग्य जागी आणला. त्यांची नावे पाठ्यपुस्तकांत शोधून सापडणार नाहीत. विज्ञानात आपली साधने थोडी आहेत ही सबब चालत नाही. प्रश्न नीट विचारला आहे की नाही, एवढेच पाहिले जाते.

आपल्या ह्या किनाऱ्यावर पूर्वापार मिठागरे होती, वसईच्या वाड्यांत ऊस पिकत होता. मीठ आपल्याकडे होते, साखर आपल्याकडे होती, विहिरीचे पाणीही होते. तरीही पिढ्यान्‌पिढ्या आपली लेकरे मोडशीने जात राहिली, कारण ह्या तिघांना एकत्र का आणावे आणि किती आणावे, एवढेच ज्ञान नव्हते. ते आज आहे. प्रत्येक घरातील प्रत्येक आईपर्यंत ते पोहोचविणे हे आता आपले काम आहे.